गाड्यावरची अहिंसा

खाण्यापिण्याच्या बाबतीत सुरतेला उपदेश करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. सुरतचे जेवण आणि काशीचे मरण भाग्यवंतालाच लाभते, अशी म्हण गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती खोडून काढण्याची गरज कोणालाही भासलेली नाही. अशा या शहरापुढे, आणि त्याच्या निमित्ताने आपणा सर्वांपुढे, अलीकडे एक नवा आहारधर्म येऊन उभा राहिला आहे. ‘व्हीगन’ हे त्याचे नाव. मांस, मासे, अंडी त्यात वर्ज्य आहेतच. पण दूध, दही, तूप, लोणी आणि मधही वर्ज्य आहे. मोठमोठ्या शहरांतून आता या आहाराचे मेळे भरू लागले आहेत. रंगविलेल्या मोटारींत थाटलेली फिरती उपाहारगृहे एखाद्या मैदानावर रांगेने उभी राहतात, तरुण मंडळी तेथे अख्खा दिवस घालवितात आणि कोणत्याही जिवाला न दुखविता पोट भरल्याचे समाधान घेऊन घरी परततात. या मेळ्यांची टवाळी करणे सोपे आहे. आम्हांस ती करावयाची नाही. त्यांच्यामागे असलेला प्रश्न खरा आहे. तो ताटाच्या काठाशीच येऊन थांबतो, एवढीच आमची तक्रार आहे. आणि ती पारखून पाहावयास सुरतेतील कतारगामसारखे दुसरे ठिकाण नाही.

मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० सालच्या शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांमुळे, किंवा १९०७ साली तेथे दुभंगलेल्या काँग्रेसमुळे. परंतु आजची सुरत ही लक्षावधी मराठी माणसांची कर्मभूमी आहे. भुसावळहून तापीच्या खोऱ्याने येणाऱ्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कुटुंबे येथे आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांवर व कापडछपाईच्या गिरण्यांत राबू लागली. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते, ती याच लोकांच्या मुलांसाठी. तेव्हा सुरतेच्या रस्त्यावरचा प्रश्न हा परगावचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येत नाही.

कतारगाम हा या शहराचा उत्तरेकडील भाग. सौराष्ट्रातून, विशेषतः भावनगर आणि अमरेली या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांनी येथे हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा वाढविला. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेत घडतात असे सांगितले जाते; त्यांत कतारगाम आणि वराछा येथील रत्नकलाकारांचा वाटा मोठा आहे. पण हिऱ्यांच्या पूर्वीपासून कतारगामचे नाव गुजरातच्या घरोघरी पोहोचले होते ते एका शेंगेमुळे. ती शेंग म्हणजे पापडी. वालाच्या कुळातील ही कोवळी, चवीला गोडसर शेंग सुरती उंधियाचा प्राण समजली जाते. भाजीबाजारात आजही ती ‘कतारगामची पापडी’ म्हणूनच मागितली जाते.

हिवाळ्यातील एखादा दिवस कोणी कतारगामात आणि तेथून तापीच्या काठाकाठाने हिंडण्यात घालविला, तर त्याला काय दिसेल? सकाळी हातगाड्यांवर, म्हणजे तेथील भाषेत लाऱ्यांवर, लोचो वाफाळत असतो. भिजवून वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा हा पदार्थ. खमण करताना पीठ सैल झाले आणि त्या फसगतीतून तो जन्मला, अशी त्याची कथा सांगतात. मुंबईच्या बोलीतला ‘लोचा’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नावाची गंमत समजावून सांगण्याची गरज नाही. वर तेल सोडायचे की लोणी, हे गिऱ्हाइकाने सांगायचे. दुपार कलली की कुंभणियां भजियांच्या कढया तापतात. सौराष्ट्रातील कुंभण गावचे नाव घेऊन आलेली ही भजी मेथी, कोथिंबीर आणि हिरव्या लसणाच्या पातीने गच्च भरलेली असतात. नदीपलीकडे अडाजणच्या बाजूला पोंकाचे गाळे लागतात. पोंक म्हणजे ज्वारीची कोवळी कणसे भाजून झोडपलेले हिरवे दाणे. त्यांच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची किंवा लसणीची शेव. आणि या साऱ्यांवर मुकुटमणी म्हणजे उंधियुं: पापडी, कोनफळ, रताळे, लहान वांगी, सालासकट कच्ची केळी, तुरीचे ओले दाणे, मेथीची मुठियां, ओले खोबरे आणि मूठमूठ हिरवा लसूण. १४ जानेवारीला उत्तरायणाच्या दिवशी ते घेण्यासाठी दुकानांपुढे रांगा लागतात. ते तेलात शिजते. दुधातुपाचे त्यात काही काम नसते.

तात्पर्य, या माणसाने दिवसभर एका व्हीगन मेळ्यातच फेरफटका मारलेला असतो. फक्त त्या मेळ्याला फलक नसतो, प्रवेशमूल्य नसते आणि लारीवाल्याला आपण कोणत्या पंथाचे आहोत याचा पत्ता नसतो. सुरत दूध-तुपाची वैरी आहे असा याचा अर्थ कोणी करू नये. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, तेथे खपणारी घारी ही मावा आणि तूप यांवाचून होत नाही. अंड्यांचे नाना प्रकारही याच शहराच्या लाऱ्यांवर नांदतात आणि त्यांतल्या एकाचे नाव तर ‘घोटाळो’ असे आहे. लोचो आणि घोटाळो एकाच रस्त्यावर सुखाने शेजार करतात, ही सुरतेच्या खाद्यसंस्कृतीची खरी ओळख होय.

हे आपल्यालाही नवे नाही. रायगडमध्ये थंडीत पोपटी लावतात: वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. वलसाडकडे महामार्गाच्या कडेला उंबाडियुं मिळते, तेही अशाच उपड्या मडक्यातले. आणि ‘उंधियुं’ हे नावच मुळी उपडे या अर्थाच्या गुजराती शब्दावरून आले आहे. अलिबागपासून सुरतेपर्यंतच्या किनारपट्टीवर भाषा बदलली, मडके बदलले नाही. देशावरचा हुरडा आणि सुरतेचा पोंक ही सख्खी भावंडे होत. हुरड्याच्या ज्वारीत गूळभेंडीबरोबर ‘सुरती’ नावाचे वाण आपले शेतकरी लावीत आले आहेत. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी घ्या, खानदेशातले वांग्याचे भरीत घ्या, नाही तर सौराष्ट्रातला ओळो. कष्टकऱ्यांच्या ताटातले हे अन्न बहुतांशी वनस्पतीचेच आहे. दुधाचा थेंब ज्या घरात सणासुदीलाच येत असे, त्या घराने दूध वर्ज्य करण्याचे व्रत कधी घेतले नाही. त्याची गरजच नव्हती. ज्याला आज सुखवस्तू तरुण त्याग म्हणतात, तो अनेकांच्या वाट्याला न मागता आलेला आहे, याचे भान मेळ्यात जाणाऱ्याने ठेवले तर बरे.

मग या नव्या शब्दात काहीच तथ्य नाही काय? तसे आम्ही म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची आद्य आणि अंत्य अक्षरे जोडून ‘व्हीगन’ हा शब्द तयार केला. दुधासाठी पोसलेल्या जनावराचे पुढे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे तो गांधीजींनी त्यापूर्वीच स्वतःला विचारला होता. १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. १९१८ साली खेडा जिल्ह्यातील धावपळीनंतर दुखणे विकोपाला गेले, तेव्हा कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. परंतु आपण प्रतिज्ञेचे अक्षर तेवढे पाळले, तिचा आत्मा पाळला नाही, ही बोच त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली आहे. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे बोलताना त्यांनी शाकाहाराचा पाया नीतीचा असला पाहिजे असे प्रतिपादन केले आणि त्याच भाषणात शाकाहाऱ्यांनी सहिष्णु व थोडे नम्र असावे, असेही बजावले. या सल्ल्याचा दुसरा भाग आपण फार लवकर विसरलो.

दुधाचा प्रश्न कतारगामला तर दारातच भेटतो. सुरत स्थानकाकडून कतारगामकडे येताना जो मोठा रस्ता लागतो, त्याचे नाव सुमुल डेअरी रोड. १९५१ साली स्थापन झालेला हा सहकारी दूध संघ सुरत आणि तापी या जिल्ह्यांतील गावोगावच्या मंडळ्यांकडून दूध गोळा करतो. दूध घालणाऱ्यांत आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. पावसावर विसंबून असलेल्या शेतीत वर्षातून एकदा पैसा दिसतो. म्हशीचा पैसा ठराविक मुदतीने हाती येतो आणि बहुधा तो घरच्या बाईच्या हाती पडतो. भारत आज जगात सर्वांत अधिक दूध काढणारा देश आहे. २०२३-२४ मध्ये ते उत्पादन सुमारे २३ कोटी ९० लाख टन होते. त्याचा फार मोठा भाग असल्या दोन-चार जनावरांच्या गोठ्यांतून येतो. या बाईला ‘तू हिंसा करतेस’ असे मैदानावरून सांगणे, आणि उद्या म्हैस गेली तर तिच्या चुलीचे काय, हे मात्र न सांगणे, ही अहिंसा अपुरी होय.

तथापि दूध पिणाऱ्यांनीही हात झटकून मोकळे होण्याचे कारण नाही. रेडकाचे काय होते, भाकड म्हैस कोठे जाते, हे आपण विचारीत नाही. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातील आघाडीच्या देशांत आहे आणि तो व्यवसाय दुग्धव्यवसायाच्याच पाठीवर उभा आहे, ही गोष्ट हिरव्या ठिपक्याने झाकली जात नाही. भाकड गाय शहराच्या रस्त्यावर कचरा चघळीत फिरते. गुजरात विधानसभेने २०२२ साली मोकाट गुरांना आळा घालणारे विधेयक मंजूर केले आणि मालधाऱ्यांच्या विरोधापुढे ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मागे घेतले. म्हणजे प्रश्न जेथे होता तेथेच राहिला. दूध हवे पण दूध देणे थांबलेले जनावर नको, या वृत्तीकडे बोट दाखविणारा तरुण उद्धट वाटला, तरी तो खोटे बोलत नाही.

परंतु त्यालाही आमचा एक प्रतिप्रश्न आहे. २०२२ साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम केले, वेष्टनावर लावावयाचे चिन्हही ठरविले. ग्राहकाची फसवणूक टळावी म्हणून हे योग्यच झाले. पण चिन्ह सांगते ते एवढेच की, आत प्राणिज काही नाही. ते अन्न कोणाच्या घामातून आणि कोणत्या जमिनीतून आले, हे चिन्ह सांगत नाही. बदामाच्या ‘दुधा’चे बदाम कॅलिफोर्नियातून येतात, तेथील बागांच्या परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या मालमोटारींतून शेकडो कोस वाहून नेल्या जातात. मध वर्ज्य मानणाऱ्याने हे जाणले पाहिजे. स्वस्त वनस्पती तूप आणि तळणीचे तेल पुष्कळदा पामचे असते. आपण ते जगात सर्वाधिक आयात करतो आणि त्याच्या लागवडीसाठी पूर्वेकडील बेटांवरची जंगले तुटली आहेत. उलट कोकणात आणि गोव्यात नारळाचा रस काढून सोलकढी आणि आमटी करणारी गृहिणी कोणत्याही चिन्हावाचून त्याच आहारधर्माचे आचरण शतकानुशतके करीत आली आहे. जवळचे, ऋतूतले आणि ज्याचा पिकविणारा माहीत आहे असे अन्न, ही कसोटी वेष्टनावरच्या चिन्हापेक्षा अधिक भरवशाची नाही काय?

या कसोटीवर कतारगामची कथा मन विषण्ण करते. ज्या शेंगेने गावाला नाव दिले, तिची शेते कारखान्यांच्या आणि इमारतींच्या पायाखाली गेली. नाव उरले, पापडी मात्र आता बाहेरच्या शिवारांतून येते. पोंकाच्या ज्वारीचीही तीच गत आहे; शहर जसजसे फुगत गेले, तसतशी तीही दूर सरत गेली. शहरे वाढणार, हिऱ्यांचे कारखाने लोकांना भाकरी देणार, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शहरालगतचा मळा हा केवळ भावी बांधकामाचा भूखंड होय, ही आपल्या नगररचनेची समजूत आम्हांस मान्य नाही. नदीकाठचा सुपीक गाळ एकदा सिमेंटखाली गेला की तो परत मिळत नाही. वनस्पतींच्या आहाराचा गौरव करावयाचा आणि वनस्पती जेथे उगवते ती जमीन मात्र नजरेआड होऊ द्यावयाची, हा कसला गौरव?

आणि शेवटी लारीवाला. या सबंध व्यवहारात सर्वांत दुबळा तोच. मैदानावरच्या मोटारगाडीला लाखांचे भांडवल लागते, तिला परवानगी मिळते, वीज मिळते, पोलिसांचा बंदोबस्त मिळतो. रस्त्यावरच्या लारीवाल्याला पालिकेची गाडी दिसताच काढता पाय घ्यावा लागतो. आणि हे सुरतेइतकेच मुंबईत, पुण्यात आणि नाशकातही खरे आहे. वास्तविक रस्त्यावर व्यवसाय करण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात बसतो, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदानसिंग प्रकरणात स्पष्ट केले. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. विक्रेत्यांची पाहणी पूर्ण होऊन दाखले मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये, दर पाच वर्षांनी पाहणी व्हावी, नगर विक्री समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो कायदा सांगतो. करोनाच्या काळात, जून २०२० मध्ये, केंद्र सरकारने विक्रेत्यांना प्रारंभी दहा हजार रुपयांचे कर्ज देणारी योजनाही आणली. कर्ज देणारे सरकार आणि गाडी उचलून नेणारी पालिका यांची मात्र अजून नीट ओळख झालेली दिसत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राजकोट, वडोदरा, भावनगर आणि अहमदाबाद येथे अंडी व मांसाहारी पदार्थ विकणाऱ्या गाड्या मुख्य रस्त्यांवरून हटविण्याची भाषा सुरू झाली आणि काही ठिकाणी ती अंमलातही आली. अहमदाबादचे विक्रेते उच्च न्यायालयात गेले. ९ डिसेंबर रोजी, लोकांनी काय खावे हे पालिका कसे ठरविणार, अशा आशयाचा खडा सवाल न्यायालयाने केला, तेव्हा आपण केवळ अतिक्रमण हटवीत आहोत, असा खुलासा पालिकेच्या बाजूने झाला. हा प्रसंग विसरण्याजोगा नाही. आहारातील अहिंसा ही ज्याने त्याने स्वतःपुरती घ्यावयाची दीक्षा आहे. तिचा दंडुका होऊन तो अंडी विकणाऱ्याच्या गाडीवर पडला की ती हिंसाच होते. व्हीगन मेळ्यात रमणारे तरुण बहुधा असा दंडुका उगारणारे नाहीत. म्हणूनच तो उगारला जातो तेव्हा त्यांनी मोठ्याने बोलले पाहिजे.

लाऱ्या म्हणजे बेशिस्त आणि घाण, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला सुरतेनेच उत्तर देऊन ठेवले आहे. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगने हे शहर हादरले. १९९५ साली आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी जी स्वच्छतेची मोहीम हाती घेतली, तिच्यात नियम मोडणाऱ्या नामांकित उपाहारगृहांचीही गय केली नाही; म्हणून सामान्य माणसाने ती आपली मानली. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळविला. लाऱ्यांचे शहर स्वच्छ राहू शकते. त्याला नियम सर्वांना सारखा लागतो, आणि लारीवाल्याला पाणी, कचऱ्याची पेटी व उभे राहावयास हक्काची जागा लागते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. व्हीगन मेळे अवश्य भरावेत. पण भरविणाऱ्यांनी मैदानावरील निम्म्या जागा नाममात्र भाड्याने त्या त्या वस्तीतील हातगाडीवाल्यांना द्याव्यात आणि पापडी, पोंक, हुरडा पिकविणाऱ्यांना तेथे थेट विक्री करू द्यावी. परदेशी चीजची नक्कल करून दाखविण्यापेक्षा उंधियुं आणि भोगीची भाजी यांची ओळख नव्या पिढीला करून देणे अधिक मोलाचे आहे. महापालिकांनी, सुरतेच्या आणि आपल्याही, २०१४ च्या कायद्याप्रमाणे विक्रेत्यांची पाहणी आणि समित्यांच्या निवडणुका वेळेवर पार पाडाव्यात. शहरालगतच्या उरल्यासुरल्या भाजीमळ्यांना विकास आराखड्यात संरक्षण द्यावे. दूध संघांनी भाकड जनावरे आणि नर वासरे यांच्या पालनाचा खर्च दुधाच्या किमतीत उघडपणे धरावा; दूध पिणाऱ्याने तो कुरकुर न करता सोसावा.

यांपैकी कोणतीही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. त्या केल्या नाहीत, तर मैदानावरचा मेळा संपल्यावर मोटारगाड्या दिमाखाने निघून जातील आणि रस्त्यापलीकडे लोचो विकणारा आपली लारी त्याच रात्री पालिकेच्या गोदामात शोधीत फिरेल. ज्या अहिंसेच्या हिशेबात गाय, म्हैस आणि मधमाशी यांना जागा आहे, तिच्यात या माणसालाही जागा असली पाहिजे.